उलटा ठेवलेला चष्मा

फोन जळगावहून आला आणि स्क्रीनवरचं नाव बघून मी ताडकन उठलो. योहान! माझ्या मित्राचा, शमुवेलचा, धाकटा भाऊ. दोघा भावांत कित्येक वर्षं अबोला. "भाऊ, दादा गया," तो म्हणाला, "मन्हा घर." शमुवेल गेला, आणि तेही योहानच्या घरी? खरं सांगतो, आधी रडू नाही, भीतीच आली. त्या घरात काय घडलं असेल...

आता शमुवेलला रंगमंचावर आणतो. धुळ्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळचं नाटक मी बसवायचो आणि बाळांच्या जिवावर उठलेला हेरोद राजा कायम तोच. आडमाप अंगाचा सुतार! पुठ्ठ्याचा मुकुट चढवून गरजला की पुढच्या बाकावरची पोरं आईच्या पदरात शिरायची. अडचण एवढीच, की मुकुट उतरला तरी राग उतरायचा नाही. माझी खोड वेगळी : गोष्ट फुगवल्याशिवाय मला सांगता येत नाही. एकदा प्रार्थनेनंतर त्यानेच करार मांडला. "नाटक्या, देवासमोर आपण दोघंही सोंगं करतो. तू मला धर, मी तुला धरतो." मग दर शनिवारी दुपारी त्याच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात बसून, एकमेकांना आठवड्याचा जाब विचारायचा. एक जण खोटं बोलला, की दुसऱ्याने तोंडातून शब्द न काढता आपला चष्मा काढून उलटा ठेवायचा. माझ्यापायी त्याचा चष्मा इतक्यांदा उलटा पडला, की काचांवर चरे उठले.

मग शमुवेल-योहानची आई गेली. योहानकडे, जळगावात, ऐन मे महिन्याच्या उकाड्यात. शमुवेल पोहोचेपर्यंत योहानने दफन उरकलेलं होतं. "मूठभर माती टाकू दिली नाही मला," एवढंच शमुवेल म्हणाला, आणि तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा पेला समोर आला की न घेताच पुढे सरकवू लागला. मन साफ नसताना घेणार कसा? मी दर शनिवारी विचारायचो, "योहानला फोन केलास?" तो रंधा मारत म्हणायचा, "पुढच्या शनिवारी विचार." मधेच डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या. मी म्हटलं, "शम्या, पुढचा शनिवार तुझ्या हातात आहे का?" हेरोदने रंधा आणखी जोरात रेटला.

एका शनिवारी मात्र माझ्याकडे न बघताच म्हणाला, "केला फोन. मिटलं." दुसऱ्या दिवशी त्याने पेला उचलला. इतक्या घाईने, की रस बोटांवर सांडला.  पुढच्या शनिवारी विचारलं, "योहान काय म्हणाला रे?"

"काय म्हणणार? ठीक म्हणाला."

मी चष्मा काढला आणि फळीवर उलटा ठेवला. रंधा थांबला. "नीघ," तो म्हणाला. नाटकातला आवाज नव्हता तो. पुढच्या शनिवारी कारखान्याला कुलूप. फोन वाजत राहायचा, उचलायचं कोणी नाही. रोज संध्याकाळी मी त्या कुलपापर्यंत जाऊन परत यायचो. मैत्री तर तुटलीच, वर तो हे खोटं उराशी घेऊनच मरणार, असं वाटत राहायचं.

फोननंतर मी जळगावला पोहोचलो, तर योहानने मला दारातच धरलं. शमुवेल आदल्या दिवशी बसने आला होता म्हणे. उंबऱ्यावर बसला, पाणीसुद्धा घेईना. म्हणाला, "तुन्हासंगे बोलनू असं खोटं सांगेल शे मी. आते तू बोल, म्हंजे ते खरं व्हई जाई!" योहान हसायला लागला, मग रडायला. दोघं जेवले, आईच्या कबरीवर जाऊन आले. शमुवेलने तिथे माती टाकली. "नाटक्याले सांगजो, चष्मा सरळ कर," असं सांगून झोपला, तो सकाळी उठलाच नाही.

धुळ्याला दफनाच्या वेळी योहान कबरीपाशी उभा राहून एकेकाला विचारत होता, "माती टाकायची कोणाची राहिली का? घाई नाही. थांबतो मी."

शमुवेलचा चरे पडलेला चष्मा त्याच्या बायकोने मला दिला. आत्ता तो या टेबलावर आहे. वर मी आधी लिहिलं होतं, की दफनाला अख्खं धुळं लोटलं होतं. मग नजर चष्म्याकडे गेली... मंडळीतली माणसं होती, आणि शेजारच्या गल्लीतली काही. वाक्य खोडलं. चष्मा सरळच आहे.