चकचकीत ट्रॅक

आमचे हे कपाटं करतात. कपाटाची जी बाजू भिंतीला लागते, जी जन्मात कुणी बघणार नाही, तिलाही पॉलिश मारतात. मी म्हणते, भिंतीला काय दाखवायचंय? तर म्हणतात, मला ठाऊक असतं ना. या माणसापुढे मी कधीच हात टेकलेत.

माझे धाकटे दीर आमच्याकडेच राहतात. जन्मभर बस चालवली त्यांनी. गेल्या हिवाळ्यात झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटांना जोर लावायला लावा, नाहीतर हात असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला. भाऊजींनी तो खिडकीत ठेवला, तो तिथेच. "चेंडू खेळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे, वहिनी?" म्हणायचे आणि तोंड फिरवायचे. मी समजावलं, रागावले, अबोला धरून पाहिला. ढिम्म.

मग एक दिवस यांनी बाहेरच्या खोलीतली माझी बैठक उचलून माळ्यावर टाकली आणि दारापासून खिडकीपर्यंत प्लायवूड मांडलं. राउटर मशीनने त्यात शेजारीशेजारी वळणावळणाच्या तीन खाचा पाडल्या. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी. बोटाएवढ्या गाडीच्या पोटाखाली खुंटी असते, ती खाचेत बसते. पट्टीतून वीज मिळाली की गाडी पळते. हातात धरायला बंदुकीसारखा घोडा. जेवढा दाबाल तेवढा वेग. त्या घोड्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय हे मला लगेच कळलं. भुसा पिठाच्या डब्यात गेला तरी मी अवाक्षर काढलं नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटायचं नाही.

भाऊजी खुर्ची ओढून बसू लागले. "दादा, हे वळण फार आवळलंस. इथे गाडी वळायची नाही." यांनी मुकाट्याने तेवढी फळी बदलून खाच पुन्हा पाडली.

पण शेवटी घोड्याने पेंड खाल्लीच. पट्ट्या चिकटवण्याआधी यांनी अख्ख्या ट्रॅकला पॉलिश मारलं होतं. एकावर एक हात, टेबलाला मारतात तसं. शर्यत लावली, तर पहिल्याच वळणाला यांची गाडी घसरली ती थेट पलंगाखाली. माझीही गेली. भाऊजींचं बोट जेमतेम हलत होतं, त्यामुळे त्यांची गाडी रांगत रांगत गेली आणि तीच पोचली. दुसऱ्यांदाही तेच जिंकले. किती महिन्यांनी हसले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

हे मात्र स्वयंपाकघरात डोकं धरून बसले. "तो दाबत नाहीये म्हणून जिंकतोय. एवढ्यावर भागलं तर आणखी जोर कशाला लावेल?"

"मग घासून टाका की पॉलिश."

"बघतो," म्हणाले. काचकागद घेऊन ट्रॅकभोवती घिरट्या घातल्या आणि परत आले. माझं डोकं फिरलं. "भाऊ मोठा की पॉलिश?" मी विचारलं. वाईटही वाटलं, आपलं काम आपल्या हाताने कधी बिघडवलेलं नाही या माणसाने.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्यत, पुन्हा भाऊजींची गाडी रांगत पोचली. या वेळी ते हसले नाहीत. घोडा खाली ठेवला.

"दादा, इतकी हळू गाडी मी जन्मात चालवली नाही. घास हे पॉलिश."

"माझ्याने नाही होणार रे," हे म्हणाले. "तूच घास."

भाऊजींनी डाव्या हाताने काचकागद उचलला. यांनी तो काढून घेतला, त्यांच्या उजव्या हातात दिला, वर आपला पंजा ठेवला. दोघे पहिल्या वळणावर वाकले. चकाकी उतरू लागली तसे यांनी डोळेच मिटून घेतले. मी दारात उभी होते, मला रडू फुटलं.

थोड्या वेळाने यांनी आपला हात काढून घेतला. कागद हळूहळू चालतच राहिला.