मागाची बसायची फळी

दादाने मोबाईलवर बोटी बनवणारे लोक पाहिले आणि त्याच्या डोक्यात नाव शिरली. लाकडाच्या कारखान्यातून तो नुकताच रिटायर झाला होता. हाताला काम नव्हतं. दिवसभर व्हिडिओ पाहायचा आणि जेवताना मला सांगायचा. मी ऐकायची. माझं लग्न मोडल्यापासून मी याच घरात आहे, आणि ऐकणं मला जमतं.

एक दिवस तो मागाच्या खोलीच्या दारात उभा राहून मागाकडे बघत होता. मला लगेच समजलं.

"हे सागवान आता कुठं भेटते वं," तो म्हणाला. "नावेच्या फासळ्या याच्याच होतील. मोडू का?"

बाबांचा तो हातमाग. चौथीतून मला काढलं ते मागासाठी सुताच्या कांड्या भरायला. दादा शाळेत जात राहिला, मी कांड्या भरत राहिले आणि पुढे विणायला लागले. बाबा गेल्यावर मागावर मीच बसायची. लुगडी घ्यायला कोणी येईना तरी पंचे विणायची. घरात माझं असं म्हणायला तेवढंच होतं. पण कागदावर घर दादाचं, म्हणून विचारलं हेच मला मोठं वाटलं.

मग तो जवळ आला. "नाव पाण्यात गेली का पहिली तूच बसशील. तू आन् मी. तिसरं कोणी नाही. आन् हे तुझी बसायची फळी हाये ना, हेच नावेत बसायले लावतो."

ती फळी आधी बाबांच्या आणि मग माझ्या बसण्याने मधे खोलगट झाली होती. मी हो म्हटलं.

मग त्या खोलीत आम्ही दोघांनी जे दिवस काढले ते खरंच चांगले होते. तो रंधा मारायचा, मी फळ्या धरायची. इतवारीच्या बाजारात जाऊन पितळेचे स्क्रू आणले तेव्हा मला सोबत नेलं, येताना लस्सी पाजली. मागावरचं शेवटचं जाड कापड मी कापून काढलं होतं, त्याचं शीड शिवलं. लहानपणी बोललो नसू इतकं तेव्हा बोललो.

शेवटी फळ्यांच्या सांध्यांत सूत ठासायचं होतं. बोटवाले तसंच करतात, म्हणे. आमच्याकडे सुताच्या लडी पडलेल्या होत्या. पण सूत मऊ, सांध्यात जाईना, नुसतं गोळा होई. दादा हसला, म्हणाला, "विणकराच्या घरात सुताले ताठ कसं करतात हे आता मोबाईलले विचारू का?" मीही हसले. ताण्याचे उभे धागे मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावायची, हे आमच्या रक्तातलं. मी कणकेची दाट खळ शिजवली. त्याने सूत बुडवलं, मी पिळलं, दोघांनी ताणून वाळवलं. मग ते सळईसारखं सांध्यात सरसर गेलं. वरून दादाने रंग मारला. "तुझ्या हातची खळ म्हणजे खळ," तो म्हणाला. पाण्यात खळ सुटते हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. मागावर पाणी कुठे असतं?

रविवारी टेम्पोत नाव घालून उमरेड रोडकडच्या एका तलावावर गेलो. मी निळं लुगडं नेसले होते, आमच्याच मागावरचं. तिथे दादाच्या कारखान्यातले साहेब गाडी घेऊन आधीच आले होते. मला माहीत नव्हतं. नाव पाण्यात उतरली. मी लुगडं खोचून पुढे झाले.

"थांब वं जराशी," दादा म्हणाला. "साहेबायले बसू दे पहिले. दोघाच्या वर वजन नाही झेपत."

साहेब माझ्या फळीवर बसले. दादाने स्वतःच्या आणि साहेबांच्या चपला काढून माझ्या हातात दिल्या.

वारा आला आणि शीड भरलं. मी शिवलेलं. खोटं कशाला सांगू, ते बघून मला आनंदच झाला. दुसऱ्या खेपेला माझी पाळी, असं मनात म्हटलं. मग साहेब डब्याच्या झाकणाने पाणी उपसताना दिसले. दादा घाईने नाव वळवत होता. काठापाशी येईस्तोवर दोघं कमरेपर्यंत भिजले. सांध्यांतून पांढरी लापशी बाहेर येत होती आणि भोवती बारके मासे जमले होते.

जाळी सुकवत बसलेल्या ढिवरांतला एक म्हातारा ओरडला, "काहून गा, माशायले जेवण घेऊन आला का?" सगळे हसले. मीही हसणार होते.

साहेब लुगड्यासारखी पँट पिळत म्हणाले, "काय भरलं होतं हे? कणिक?"

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बहिणीनं केलं साहेब ते. चौथी शिकलेली हाये, तिले काय समजते."

मी चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. येताना ते दोघं गाडीतून गेले, मी टेम्पोत नावेजवळ बसले.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "लोकायसमोर बोला लागते तसं. मनाले नको लावू." मी भाकरी टाकत राहिले.

पुढे त्याने दुकानातला मसाला आणून सांधे नीट भरले. नाव आता गळत नाही. रविवारी तो आणि साहेब जातात. एकदा मी चहा देताना त्यांना सांगत होता, "तिले पाण्याचं भेव वाटते." मी तसं कधी म्हटलं नव्हतं. मग एके दिवशी शीड माझ्यापुढे टाकून म्हणाला, "शिवण उसवली, घालून दे वं."

शिवण घालून दिली. शिडाचं मला काही वाटलं नाही. पण त्या दुपारी तो बाहेर गेल्यावर मी त्याचा पेचकस घेतला आणि नावेतली माझी फळी काढली. पितळेचे स्क्रू वाटीत घालून नावेत ठेवले.

संध्याकाळी तो आला, बघितलं. "फळी काहून काढली?"

"बसाले," मी म्हटलं.

"मांगितली असती तं…" एवढं बोलून थांबला. त्यालाही आठवलं असेल, ही फळी मागताना काय कबूल केलं होतं ते. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे प्लायवूड ठोकलं.

नाव आता बाहेर अंगणात असते. रिकाम्या खोलीत मी दोन विटांवर फळी ठेवली आहे, जिथे माग होता तिथेच. दुपारी त्यावर बसते. समोर काहीच नाही, नुसती भिंत. तरी थोड्या वेळाने पाय आपोआप खाली मागाच्या पावड्या शोधायला लागतात.