पिशवी बाजूला ठेवा

"मावशी, तुमची पिशवी बाजूला ठेवा. आमच्या डब्यांना लागतीये."

मोठ्या बाई बोलल्या. किल्ल्याच्या गेटासमोर, भर रस्त्यावर, चौथीच्या सगळ्या पोरांदेखत. अन् मी वाकून पिशवी उचलायच्या आत त्यांनीच ती सरकवली. हातानं न्हाई. छत्रीच्या टोकानं. पिशवी कलंडली, बाटलीचं झाकन निघालं, पानी भाकरीवर सांडलं. बाईंनी बघितलं अन् म्हनाल्या, "असू दे, असू दे." काय असू दे? भाकरी माझी भिजली हुती. असू दे म्हनायचं तर ते मी म्हनायचं.

पिशवी उचलली अन् गटाराच्या कडंला निऊन ठिवली.

मी नगरातल्या एका इंग्रजी शाळंत मावशी हाय. मावशी म्हनजे झाडू, फरशी, संडास, बाईंचा चहा, ल्हान्या पोरांची शी-शू. माझं नाव तिथं कोनी घेत न्हाई, मावशी म्हटलं की भागतं. आडनाव मातर सगळ्यांना म्हाईत हाय. आडनाव कळलं की वस्ती कळती, अन् वस्ती कळली की बाकीचं कोनी तोंडानं विचारत न्हाई. मोठ्या बाई म्हनजे आमच्या हेडबाई. तोंडानं लई गोड. दिवाळीला जुनी साडी देत्यात, ती बी पिशवीत घालून, वरनं सोडून. खाली हात धरायचा.

किल्ला लष्कराच्या ताब्यात हाय. आत जायचं तर गेटावर कार्ड दाखवायचं, अन् बॅग, पिशवी, डबा, काय म्हनून आत न्यायचं न्हाई. दर साली चौथीची सहल तिथं जाती, अन् दर साली एकच सवाल उठतो, बॅगा कुठं ठिवायच्या? समोर रसवंती हाय. तो बिचारा रसवंतीवाला दर साली म्हनतो, "बाई, माज्याकडं ठिवा की. आत लई जागा हाय." अन् बाई दर साली म्हनत्यात, "कशाला? मावशी आहेत ना आमच्या."

आमच्या म्हनत्यात बरं का.

म्हनजे मी मानूस न्हाई, बॅगा ठिवायची जागा. पोरं आत जानार, बाई आत जानार, मी उन्हात बॅगांच्या ढिगाऱ्याशी बसनार. कुत्रं आलं तर हाड करायचं. किती साली बसले, मोजलं न्हाई. माझी धाकटी नगरपालिकेच्या शाळंत हाय. ती दर साली विचारायची, "मम्मे, किल्ल्यात काय हाय गं?" मी म्हनायची, "भिंत हाय, दुसरं काय." मला भिंतीच्या पल्याडचं म्हाईतच न्हवतं, तर काय सांगनार? यंदा ती चौथीत गेली. म्हनाली, "तू दर साली जाती अन् तुला म्हाईत न्हाई?" तोंडात मारल्यावानी झालं. मी ठरवलं हुतं, यंदा आत जायचं. आधार कार्ड कमरंला खोचूनच निघाले हुते. बाईंना सकाळी बसमधीच विचारलं, "बाई, यंदा मी बी आत येऊ का? एका तुकडीसंगं?" बाई हसल्या. "अहो मावशी, तुम्हाला काय करायचंय आत? इतिहास आहे तो."

बरं. इतिहास हाय. मी बसले.

पोरं एकदम नेली तर गोंधळ हुतो, म्हनून बाई दोन तुकड्या करत्यात. आधी अ, मग ब. अ तुकडी आत गेली, तिच्या बॅगा माझ्याशी. मी एकटी बसून त्या ढिगाऱ्याकडं बघत हुते, अन् तवा ते माझ्या टाळक्यात शिरलं. ह्या सगळ्या बॅगांत पैशे हायेत, मोबाईल हायेत, बाईंच्या पर्समधी तर त्यांच्या घराची किल्ली हाय. ते सगळं माझ्या भरवशावर सोडून ह्या बाया आत गेल्यात. राखायला मी चालती. पन माझी पिशवी त्यांच्या पिशवीला टेकली की बाटतं. असं कसं काय? माझा हात चोख, अन् माझी भाकरी वंगाळ?

तरी बी मी बसूनच हुते. खोटं कशाला सांगू? नोकरी हाय, घर चालतं तिच्यावर. राग गिळायची सवय लई जुनी.

अ तुकडी बाहेर आली. पोरांनी गलका केला, माझी बॅग, माझी बॅग. मी एकेकाला उचलून देत हुते. त्यात ईश्वरी आली. ह्या पोरीला मी शिशू वर्गापासनं सांभाळली. आई सोडून गेली की गेटाला धरून रडायची. मी कडंवर घेऊन फिरवायची, पदरानं नाक पुसायची. एकदा तापानं फनफनली तर आई येईस्तोवर माझ्याच मांडीवर झोपली हुती. तिची बॅग मी तिच्या हातात दिली. तिनं खिशातनं रुमाल काढला. अन् मी जिथं धरली हुती, तो पट्टा पुसला.

मी म्हनाले, "काय झालं गं बाळा, घान लागली का?"

ती म्हनाली, "नाही. मावशीचं वेगळं असतं ना."

लाडात म्हनाली. पाढा म्हनावा तशी. तिच्या मनात काही वाईट न्हवतं, अन् त्येच लई वाईट हुतं. सकाळी छत्रीनं पिशवी सरकवली, दुपारला पोरगी शिकली बी. शिकवायला ह्यांना फळा लागत न्हाई, खडू लागत न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या लेकरावर न्हाई. तिला काय कळतंय! ज्यांनी शिकवलं त्यांच्यावर. अन् मी गप बसून शिकवू दिलं त्याचा बी राग आला, पन तो पाठीमागनं.

ब तुकडीची पोरं बॅगा आनून टाकत हुती. मोठ्या बाईंनी त्यांची पर्स परत ठिवली, वर उपासाचा डबा ठिवला. गुरुवार हुता. मी उठले. गटाराच्या कडंला गेले, माझी वली पिशवी उचलली, अन् आनून ढिगाऱ्याच्या मदोमद ठिवली. बाईंच्या डब्यावर. दाबून.

"मावशी! काय करताय?"

"पिशवी ठिवती. आत न्यायला बंदी हाय ना."

"तुम्ही आत कुठं चाललात? बॅगा कोण बघणार?"

"ज्यांच्या हायेत ते बघतील. माझी तेवढी बी बघा."

बाईंचं तोंड लालबुंद. "पोरांसमोर तमाशा नको," म्हनाल्या. मी म्हनाले, "बाई, पोरांसमोरच तर चाललंय सकाळधरनं." अन् ब तुकडीच्या लायनीत शेवटाला जाऊन हुभी ऱ्हायले. वर्गाच्या बाई नवीन पोरगी हाय, ती खाली बघत हुती. ती हो म्हनाली न्हाई, नको बी म्हनाली न्हाई. रसवंतीवाल्यानं घुंगराचं चाक थांबवलं हुतं.

गेटावरचा जवान परमुलखातला. म्हनला, "आईडी." मी आधार कार्ड दिलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं. "बैग, मोबाइल कुछ है?" "नहीं." "जाइए." झालं! एवढंच हुतं ते! वर्गाच्या बाईंना बी त्यानं त्येच विचारलं अन् त्येच म्हनला. माझं आडनाव हुतं की कार्डावर ढळढळीत. त्याला त्याचं काही पडलं न्हवतं. बंदूकवाल्यानं मला आडवलं न्हाई, अन् छत्रीवालीनं इतकी वरसं आडवलं.

आत बघितलं सगळं. खंदकावरनं गेले, आतली झाडं बघितली, इंग्रजांनी पुढारी लोकांना डांबलं हुतं त्या खोल्या बघितल्या, भिंतीवरचे फोटो एक एक करून बघितले. पोरं पुढं पळाली तरी मी बघत हुते. धाकटीला सांगायचं हुतं ना.

बाहेर आले तर मोठ्या बाई रसवंतीवाल्याच्या स्टुलावर बसलेल्या. बॅगांशी. घाम पुसत. अन् माझी पिशवी जिथं ठिवली तिथंच, त्यांच्या डब्यावर. तासभर उपाशी बसल्या पन ती काढली न्हाई. काढायची म्हनजे हात लावावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. बाई म्हनाल्या, "झालं गेलं विसरून जाऊ. तुम्ही फक्त माझी माफी मागा. इथंच, आपल्या दोघींत. नाहीतर सोमवारपासून येऊ नका." आवाज गोड.

मी म्हनाले, "माझं काय चुकलं?"

"पोरांसमोर माझा अपमान केलात."

"अन् माझा?"

"मी काय केलं? पिशवी तर सरकवली फक्त."

फक्त. बाईला खरंच वाटतंय की फक्त पिशवी सरकवली. मी घरी आले. माझा नवरा म्हनला, "माग माफी अन् सोड. कुठं ह्यांच्या नादी लागती?" सासू म्हनली, नोकरी गेली तर खायचं काय? दोघं बी खोटं बोलत न्हाईत. हातात दुसरं काम न्हाई, ते मला बी म्हाईत हाय. रातभर कूस बदलत ऱ्हायले असं काही झालं न्हाई. मी जेवले अन् झोपले. माझं ठरलं हुतं.

सोमवारी मी जानार हाय. रोजच्यावानी, रोजच्या टायमाला. संडास धुवीन, फरशी पुसीन, त्याचाच पगार घेती मी. बॅगा राखनार न्हाई. पिशवी बाजूला ठिवनार न्हाई. अन् बंद दारामागं माफी मागनार न्हाई, कोनाची ऐकूनबी घेनार न्हाई. बाईंनी प्रार्थनेला सगळ्या पोरांसमोर यावं. मला कामावरनं काढायचं तर तिथं काढावं, अन् का काढलं ते ईश्वरीच्या डोळ्यात बघून सांगावं. त्यांना सांगता आलं न्हाई, तर मी सांगीन.