मास्तरीणबाईंची अकरा कुलपं

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझ्या पेटीची किल्ली पाणी शेंदताना विहिरीत पडली. कमरेला खोचली होती, वाकले तशी गेली. पेटीत माझी दोन बरी लुगडी होती आणि चार दिवसांनी एका बारशाला जायचं होतं. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मी किल्ल्या करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले.

तो चिंचेच्या झाडाखाली पोतं अंथरून बसायचा. किल्ल्या करायचा, स्टोव्ह दुरुस्त करायचा, गळक्या कंदिलांना डाग द्यायचा. सगळे त्याला बाबा म्हणायचे. त्यानं छत्रीच्या काडीचे दोन तुकडे कुलपात घातले, वर झाडाकडे पाहिलं आणि कुलूप उघडलं. मला पदर सावरायलाही त्याहून जास्त वेळ लागला असता.

"बाबा, अजून एकदा करून दाखवा," मी म्हटलं.

त्यानं कुलूप बंद केलं आणि पुन्हा उघडलं. या वेळी तो माझ्याकडे पाहत होता, कुलपाकडे नाही. मी घरी आले ती ठरवूनच, की हे आपल्याला आलं पाहिजे. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही.

आम्ही तेव्हा मूलला राहत होतो. पन्नासनंतरची ती वर्षं. हे शाळेत मास्तर होते. सकाळी गेले की संध्याकाळी यायचे. घरात आम्ही दोघंच. मूलात राहून हिला मूल नाही, असा विनोद शेजारच्या बायका माझ्या तोंडावर करायच्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसायची. दुपार मोठी असायची. निवडायचे तांदूळ संपले की हाताला काम उरायचं नाही. दुसरी एखादी विणकाम शिकली असती.

शिकायचं म्हणजे कुलूप पाहिजे. माझा हिशेब असा, की चांगल्या विद्येला चांगलं साहित्य लागतं. माहेरी चांद्याला गेले तेव्हा भावाकडून भाऊबीजेला साडीऐवजी कुलूप मागून घेतलं. पितळी, तळहाताएवढं, सहा लिव्हरचं. दुकानदार म्हणाला होता, याला चोर हात लावत नाही. ते ऐकून मला फारच आनंद झाला. आपण ज्याला हात लावणार त्याला चोरही भितो, यातून काय समजायचं ते मला समजलं नाही.

मग यांच्या जुन्या छत्रीची एक काडी मोडली. दोन तुकडे केले, दगडावर घासून टोकं वाकवली आणि दुपारी दार लोटून बसले. दोन महिने बसले. कुलपानं मला ओळखही दाखवली नाही. कधी आतून टक् असा आवाज यायचा, मी श्वास धरून कडी ओढायची आणि कडी जागच्या जागी. उजव्या हाताच्या दोन बोटांना घट्टे पडले. यांनी विचारलं, तर विळीनं झाले म्हणून सांगितलं. पावसाळ्यात छत्री उघडली तेव्हा तिचा एक कोपरा खाली लोंबला. त्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तशीच छत्री घेऊन शाळेत गेले.

शेवटी लाज सोडून ते कुलूप बाबाकडे नेलं. त्यानं ते हातात तोलून पाहिलं.

"हे कोनाले उघडाचं हाय?"

"मले."

"काऊन?"

"शिकाले."

तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. मग त्यानं तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलले.

"बाई, हे शिकाचं कुलूप नाई. हे मलेही अर्धा दिवस रडवते. तुमी बालवाडीतच मॅट्रिकच्या पेपरले बसून राह्यल्या."

मी स्वस्तातलं घ्यायचं ठरवलं आणि तिथंही शहाणपणा केला. बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळालं ते पत्र्याचं, चार आण्यांचं कुलूप उचललं. घरी येऊन छत्रीची काडी घातली आणि पहिल्या झटक्यात ते उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. केसातल्या आकड्यानं उघडलं, मग तारेनं, मग डोळे मिटून. मला वाटलं, दोन महिन्यांची तपश्चर्या फळाला आली. संध्याकाळी यांना पाटावर बसवलं, विळीच्या घट्ट्यांपासून छत्रीपर्यंत सगळं सांगितलं आणि कुलूप उघडून दाखवलं.

यांनी ते शांतपणे पाहिलं. मग कुलूप हातात घेतलं, लावलं आणि गुडघ्यावर आपटलं. ते उघडलं.

"छान आहे," हे म्हणाले आणि जेवायला बसले.

पुढच्या बाजारात बाबानं मला खरा धडा दिला. मी तोवर त्याच्या करमणुकीचा भागच झाले होते. म्हणाला, फार महाग घेऊ नका, फार हलकंही नको. हलक्यात आत काही नसतेच, तर शिकाल काय. दोन पट्ट्यांचं घ्या. पट्ट्या म्हणजे त्या आतल्या लिव्हर. प्रत्येक पट्टी बरोबर तेवढीच उचलली तर मागचा दांडा सरकतो, कमी नाही आणि जास्त नाही. सगळी विद्या त्या 'तेवढी'मध्ये आहे. आणि एक नाही, एकाच जातीची दोन घ्या. एकाची पाठ खोलून ठेवा, म्हणजे आत काय होते ते डोळ्यानं दिसते. दुसरं बंदच ठेवा आणि त्यात तेच हातानं शोधा. म्हणून पाठीला स्क्रू असलेलं पाहा, ठोकलेलं नको. जुनं असलं तरी चालते, गंजलं तर रॉकेलात बुडवा, पण किल्ली पाहिजे आणि त्या किल्लीनं ते तुमच्यासमोर उघडलं पाहिजे. नाहीतर मेलेल्या कुलपाजवळ बसाल आणि सगळा दोष आपल्या हाताला द्याल.

हे शेवटचं मला फार पटलं.

"अन् एक," तो म्हणाला. "ज्या कुलपामागं कोनाचं काही ठेवलेलं हाय, त्याले तार लावाची नाई. आपलं असलं तरी नाई. हे कबूल असन तर पुढच्या बाजारापासून दाखवतो."

मी कबूल केलं.

तेव्हापासून बाजारात मी भाजीच्या आधी कुलपं पाहायला लागले. जुन्या लोखंडाची पथारी मांडणाऱ्याकडे उकिडवी बसायची, एकेक कुलूप उलटं करून पाठीचे स्क्रू तपासायची, किल्ली फिरवून कानाशी धरायची. एकाच जातीची दोन मागायची. वांगी घेताना एवढी चिकित्सा मी जन्मात केली नव्हती. वर्षभरात माझ्याकडे अकरा कुलपं जमली. त्यांतली पाच मला उघडता येत होती. खरं सांगायचं तर चार, पाचवं कधीकधी. सगळी मी त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवायची. लुगडी बाहेर दोरीवर आली होती.

या सगळ्याचा बाजारात काय अर्थ लावला जातो आहे, याचा विचार मी केलाच नाही. बाजारातल्या लोकांना दिसत होतं ते एवढंच, की मास्तरांच्या घरी दर महिन्याला नवं कुलूप जातं. ज्या घरात इतकी कुलपं लागतात, त्या घरात ठेवलेलं काय असेल, हा प्रश्न कोणाच्याही डोक्यात आला असता. एका शेजारणीनं मला एकदा हळूच विचारलंही, की माहेरून बरंच आलं वाटतं. मला वाटलं, ती पापडांबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, हो, ठेवायला जागा नाही.

त्या वर्षी महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. दोन दिवस घर बंद. परत आलो तेव्हा दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं, पण आत गेल्यावर जमिनीवर ऊन पडलेलं दिसलं. वर पाहिलं तर छपराची कवेलं बाजूला काढून भोक पाडलेलं. चोरानं एकाही कुलपाला हात लावला नव्हता. मी वर्षभर ज्या कलेसाठी झिजत होते, तिची त्याला गरजच पडली नव्हती. तांब्या-पितळेची भांडी होती तिथंच होती. गेली होती फक्त पेटी.

"काय होतं पेटीत?" यांनी विचारलं. यांचा चेहरा उतरला होता.

"कुलपं."

"अजून?"

"नाही. कुलपंच."

हे खाली बसले. मला वाटलं रडतात की काय, पण यांना हसू येत होतं आणि बायकोची पेटी चोरीला गेल्यावर हसावं की नाही, हे ठरत नव्हतं.

यांनी ठाण्यात वर्दी दिली आणि दुसऱ्या दिवशी पेटी सापडली. गावाबाहेर धान कापलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, तेव्हा लाखोरीच्या डाळीचं पीक होतं, त्यात उपडी पडलेली. पेटीचं कुलूप दगडानं ठेचलं होतं. आतली कुलपं शेतभर विखुरलेली. इतक्या लांब ओझं वाहून आणल्यावर त्या माणसाला आत कुलपं दिसली, तेव्हा त्याचं काय झालं असेल, याचा विचार मी पुढे बऱ्याचदा केला. त्यानं रागानं फेकलेली दिसत होती. फक्त पितळी कुलूप नव्हतं. तेवढी पारख त्याला होती.

ठाण्यातून निरोप आला, की ज्यांची वस्तू त्यांनी येऊन ओळखावी. आम्ही दोघं गेलो. जमादारांनी दहा कुलपं टेबलावर ओळीनं मांडून ठेवली होती. बाजूला छत्रीच्या काड्या, वाकवलेल्या, घासलेल्या. त्या पेटीतच असायच्या.

"हे तुमचं हाय, बाई?"

"हो."

"अन् ह्या काड्या?"

"त्याही."

"कायसाठी?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचा नकाशा पाहत होते.

"कुलूप उघडाले," मी म्हटलं.

लिहिणाऱ्या शिपायानं टाक थांबवला. जमादार थोडे पुढे सरकले.

"म्हंजे तुमच्या घरी चोरी झाली, अन् चोराची हत्यारं तुमची हायेत?"

मी सगळं सांगितलं. विहीर, बाबा, दोन पट्ट्या, घातलेली शपथ. सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. जमादारांनी बाबाला बोलावून आणलं. तो येऊन दाराशी बसला आणि म्हणाला, बाई खरं बोलतात. पण त्यानं जमादारांचं समाधान झालं नाही. त्या सालात गावात दोन घरफोड्या झाल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातली आपली लोखंडी पेटी ओढली.

"हे उघडून दाखवा बरं."

"ज्यात कोनाचं काही हाय त्याले मी हात लावत नाई," मी म्हटलं. हे वाक्य बोलताना मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

"माझा टावेल हाय अन् तंबाखू. मी परवानगी देऊन राह्यलो."

मी बाबाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मी खाली बसले आणि काड्या घेतल्या. कुलूप पाहताच कळलं, माझ्या चौथ्या कुलपाच्या जातीचं आहे. मला वाटलं, आता दाखवतेच. आपण तुरुंगाच्या दिशेनं निघालो आहोत, हे मी साफ विसरले होते. ठाण्यातल्या सगळ्यांसमोर ते उघडायचंच, एवढंच डोक्यात होतं. बाबा दाराशी कपाळाला हात लावून बसला होता, त्याचा अर्थ मला नंतर कळला.

मी तासभर प्रयत्न केला. हात घामेजले. एक काडी आत मोडली. शिपाई चहा पिऊन आला. कुलूप उघडलं नाही.

जमादारांनी खुर्चीला पाठ टेकली आणि शिपायाला सांगितलं, "लिही. बाईले कुलूप उघडता येत नाई."

मी म्हटलं, "जमादारभाऊ, घरी येतं. इथी सगळे पाहून राह्यले म्हणून..."

यांनी माझा दंड धरला आणि मला उठवलं. आयुष्यात एकदाच यांनी चारचौघांत माझा हात धरला, तो असा. जमादारांची पेटी शेवटी बाबानंच उघडली, आणि आत मोडलेला तुकडाही काढून दिला.

चोर काही सापडला नाही. पण गोष्ट सगळीकडे झाली. मी आठ दिवस बाहेर पडले नाही. नवव्या दिवशी एक बाई आपलं बिघडलेलं कुलूप घेऊन आली. म्हणाली, असंच पडून हाय, तुमाले कामी येते काय पाहा. मग दुसरी आली. महिन्याभरात माझ्याकडे फुकटात वीसेक कुलपं झाली, त्यांतली बरीचशी मेलेली. बाबाच्या सांगण्याप्रमाणे ती मी पाठ खोलून नुसती पाहायची.

दोन वर्षांनी यांची बदली गडचिरोलीच्या पलीकडे, जंगलातल्या एका गावी झाली. शाळा म्हणजे एक खोली, आणि कोपऱ्यात एक सागवानी खोकं, कुलूप लावलेलं. आधीचे मास्तर किल्ली घेऊन गेले होते. गावातला एक गोंड म्हातारा, ज्याच्या शब्दाला तिथं मान होता, मला म्हणाला, "बाई, तुमाले येते म्हणतात. खोकं गावाचं हाय. गाव सांगून राह्यलं, उघडा."

कीर्ती माझ्या आधी पोचली होती, अर्धीच.

मी तीन दुपारी त्या कुलपाशी बसले. बायका मोहफुलं वाळत घालून यायच्या आणि ओसरीत बसून पाहायच्या. तिसऱ्या दिवशी कुलपावर जोर देताना माझ्या हातात काहीतरी सुटून आलं आणि झाकण वर झालं. आत वाळवीनं खाल्लेले दोन नकाशे होते आणि शाळेची पितळी घंटा. म्हाताऱ्यानं घंटा हातात घेऊन एकदा वाजवली आणि खूश होऊन माझ्याकडे पाहिलं. यांनीही पाहिलं. यांच्या तोंडावर माझ्याबद्दल असा अभिमान मी आधी पाहिला नव्हता.

त्या अभिमानामुळेच मी गप्प राहिले. कुलूप उघडलं नव्हतं. ते ज्या कोयंड्यात होतं, त्याचे खिळे गंजून लाकडातून निघाले होते. बंद कुलूप कोयंड्यासकट मी पदराखाली घेतलं आणि घरी आले. पुढे महिनाभर लपूनछपून बसून ते खरंच उघडलं, पण तेव्हा पाहायला कोणी नव्हतं आणि सांगायचीही सोय राहिली नव्हती. हे गेले, तोवर यांना मी ते सांगितलं नाही.