डिचोली ते हरमल, सीलबंद मानकुराद

मानकुरादांची पेटी डिचोलीहून हरमलला पोचवायचा खरा खर्च: स्कूटरचं पेट्रोल दीडशे, म्हापशात दोघांची पाव-भाजी नि चहा दीडशे, तारेचं सील वीस. आंबे शिरगावच्या आमच्या झाडाचे, म्हणजे फुकट.

सील कशाला? हरमलची धाकटी बहीण दरवर्षी म्हणते, दादा चांगले आंबे वाटेत खातो. खनिजाच्या ट्रकावर क्लीनर होतो, आज दोन टेम्पो स्वतःचे आहेत. माझ्या नजरेतून लिटरभर डिझेल कधी सुटलं नाही, आणि मी आंबेचोर? यंदा तिला शब्द मागे घ्यायला लावायचाच होता. पंच आयता मिळाला, तिचीच मुलगी मानसी. परदेशात नोकरीला आहे. देशोदेशीच्या अणुभट्ट्यांत जाऊन, विजेसाठीचं इंधन कोणी बॉम्बकडे वळवत नाही ना, ते तपासते. सुट्टीत आमच्याकडे आली होती.

पेटी पायांत, भाची मागे. शुक्रवारी जाणार असाल तर म्हापशाच्या बाजारात गाडी घालू नका, बसस्टँडच्या अलीकडे लावा.

पाव-भाजी खाताना विचारलं, "तुम्ही पण असंच सील लावता?"

"लावतो, कॅमेरेही असतात. सील चोराला अडवत नाही मामा, उघडलं एवढंच सांगतं."

"आणि इंधनाच्या कांड्या मोजता?"

"मोजतो. पण खोटी कांडीही मोजणीत बसते. म्हणून पाण्यातल्या वापरलेल्या इंधनाचा निळा उजेड बघतो, खोट्या कांडीला तो नसतो."

"लोक रागावत नाहीत?"

"रागावतात. मग चहा देतात."

शिवोलीच्या पुलावर वारा असा लागला की मी चक्क गायला लागलो. मानसीने पेटी पायांत नीट धरायला सांगितलं.

हरमलला तिने सील डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. शाबूत. आंबे चोवीस. मी नवरदेवासारखा बसलो. तेवढ्यात बहिणीने खालच्या थरातला एक हुंगला.

"दादा, हे मानकुराद नाय, मुसराद आसत. जाम करूचे. वाटेत बदललंस?"

"सील अख्खं आहे, आई. वाटेत काही झालं नाही," मानसी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पेटी भरली कोणी?"

"मामीने."

"आणि सील लावण्याआधी तू खालचा थर बघितलास?"

मी वरचाच बघितला होता. बहीण हसत खालीच बसली. "बरां, वाटेत खाईत नाय, ह्या मान्य."

जिंकलो. येताना एकटाच होतो, तरी पुलावर पुन्हा गायलो.

घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दरवर्षी डझनभर मानकुराद मीच काढून ठेवते. सगळे हरमलला गेले तर आपण काय खायचं?"

ज्या तांदळाच्या पिंपावर पेटी ठेवून मी सील लावलं होतं, त्याच पिंपात ते पिकत होते.