गाभडलेल्या गायी आणि भावाचा ताप

माझ्या धाकट्या भावाला पहिल्यांदा ताप भरला तेव्हा मला उपकेंद्रात नर्स होऊन चौदा वर्षं झाली होती. शिरूर कासारच्या पुढं, डोंगराच्या कडेला आमचं गाव. लग्नानंतर वर्षभरातच मी परत आले होते, त्यामुळं माहेर आणि नोकरी एकाच गावात होती. रोग ओळखण्यात माझा हात धरणारं त्या भागात कुणी नाही, असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

ऊसतोडीहून परतलेला माणूस उपकेंद्राच्या ओट्यावर खोकला, की मी आतूनच थुंकीची डबी काढायची. एखाद्या पोराच्या दंडावर फिकट चट्टा दिसला, की त्याला डोळे मिटायला लावून कापसाच्या बोळ्यानं शिवून बघायची, कळतं का नाही. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं की लघवीचा रंग विचारायची. थंडी वाजून ताप आला की बोट टोचून काचेवर रक्त घ्यायची. प्रशिक्षणात आम्हाला असंच शिकवलं होतं. छातीचे रोग वेगळे, कातडीचे वेगळे, पोटाचे वेगळे. मी ते सगळं पाठ केलं होतं आणि चौदा वर्षं त्यावर मान ताठ ठेवून गावात फिरले होते.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला. निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेलं होतंच. जे राहिले त्यांच्याकडं जनावरं होती आणि जनावरांना घालायला काही नव्हतं. तेव्हा आमच्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. चेअरमन दिवसातून दोनदा जीप घेऊन यायचा, फोटो काढून घ्यायचा. आठ-दहा गावांची ढोरं एका माळावर, शेडनेटखाली, दाव्याला दावं लावून बांधलेली. चाऱ्याला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि टँकरचं पाणी. माझा भाऊ सोसायटीच्या केंद्रावर दूध मोजायला होता. त्याला छावणीवर पाठवलं.

भावाचे हात लांब आणि सडपातळ होते. गाय अडली, वासरू आडवं आलं, व्याल्यावर वार, म्हणजे जार, पडली नाही, की लोक ढोराच्या डॉक्टरच्या आधी त्याला हाक मारायचे. तो बाही वर सारायचा, हाताला गोडं तेल लावायचा आणि कोपरापर्यंत हात आत घालून सावकाश वार सोडवून आणायचा. गाईशी बोलत राहायचा. मला त्याचं कौतुक होतं. त्याच्या हातांना लहानमोठ्या चिरा कायम असायच्या, वाढं कापून पडलेल्या. त्यांना मी कधी आयोडीन लावलं, कधी नाही लावलं.

थंडीच्या तोंडाला तो एक दिवस उपकेंद्रात आला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला.

"आक्का, अंग लई दुखतंय. दिवस कलला की ताप चढतो. सकाळी उठावं तर बनियन पिळून काढावं एवढा घाम."

मी काच घेतली. मलेरिया नव्हता. चार दिवसांनी ताप गेला, आठ दिवसांनी परत आला. मी त्याला तालुक्याला नेऊन टायफॉईडची तपासणी केली. ती धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. तिथल्या डॉक्टरांनी टायफॉईड धरून औषध दिलं. ताप उतरला आणि पुन्हा चढला. मग त्याची कंबर धरली. खाली बसला की गुडघ्यावर हात टेकून उठायचा. बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून मणक्यात क्षय असावा म्हणून सांगितलं. मी थुंकी तपासली होती, तीत काही नव्हतं, पण मणक्याचा क्षय थुंकीत दिसत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी मान डोलावली. क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवडे त्याला खरंच बरं वाटलं. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, सापडलं. बरं वाटताच त्यानं मला न सांगता गोळ्या सोडल्या आणि परत छावणीवर उभा राहायला लागला.

महिन्याभरात ताप परत आला. या वेळी तो माझ्याकडं आलाच नाही. भावजयीनं मला अंगणात गाठून खालच्या आवाजात सांगितलं. "वन्सं, त्यांना खाली सूज आलीय. लिंबाएवढी. मला हात लावू देत न्हाईत अन् तुमाला सांगू देत न्हाईत. बीडच्या स्टँडमागं कुण्या डॉक्टरकडं जाऊन आलेत."

त्या स्टँडमागच्या डॉक्टरची पाटी मला ठाऊक होती. गुप्तरोगाची. भावाला त्याच्या दारातून बाहेर पडताना आमच्याच गावच्या एकानं बघितलं होतं. छावणीवर पोरं त्याला म्हणायला लागली, "काय बे, कुठं जाऊन आलास?" आधीच्या वर्षी तो ऊसतोडीच्या टोळीचा हिशेबनीस म्हणून सांगलीकडं गेलता, ते सगळ्यांना आठवलं.

इथं मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. मी नर्स होते. मला वाटलं, नर्सनं लाज बाळगू नये. मी भावाला समोर बसवलं आणि विचारलं, "खरं सांग. कुठं बाईकडं गेलतास का?"

तो एवढंच म्हणाला, "तू बी?"

उठून गेला. आणि मी तिथंच थांबले नाही. दुसऱ्या दिवशी, लसीकरणाच्या दिवशी, बायका लेकरं घेऊन ओट्यावर बसलेल्या असताना मी भावजयीला बोलावून घेतलं आणि तिचं रक्त काढलं. कशासाठी ते मी बोलले नाही. पण बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी आणि माझं तोंड बघून दोघी-तिघींना कळलं, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. तिचा रिपोर्ट निर्मळ आला. तो मी तिला घरी नेऊन दिला. तिनं तो घडी करून उंबऱ्यावर ठेवला.

"वन्सं, तुमी मला काही इचारलं न्हाई," ती म्हणाली. "सरळ तपासलं."

दोन दिवसांनी तिचा भाऊ उमापूरहून आला आणि तिला घेऊन गेला.

भाऊ अंथरुणाला लागला. छावणीवर वार अडकलेल्या गायीसाठी त्याला बोलवायला माणूस यायचा आणि परत जायचा. असंच एक दिवस ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर काका स्वतः आला. पन्नाशी उलटलेला, निवृत्तीला आलेला, सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. आत आल्यावर तो भावाच्या ओल्या बनियनकडं बघत थोडा वेळ उभा राहिला. मग बाजेवर टेकला.

"किती दिवस झाले ताप?"

"पाच महिने," मी म्हणाले.

"चढतो-उतरतो?"

"हो."

"कंबर? सांधे?"

"कंबर. मधे गुडघा पण."

त्यानं आवाज उतरवला. "अन् अंडाला सूज?"

हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

तो भावाकडं वळला. "गाभडलेल्या गायींच्या वारी तूच काढल्यास ना? उघड्या हातानं?"

भाऊ म्हणाला, "मग कुणी काढायच्या?"

"सहा गायी गाभडल्यात तिथं, गाभ पडलाय त्यांचा," काका मला म्हणाला. "सातव्या-आठव्या महिन्यात. एकीच्या मागं एक. गाईला होतो तोच रोग हाय हा, बाई. ब्रुसेला म्हणतात. वारीतून येतो, कच्च्या दुधातून येतो. माणसाला धरला की कुठं बी बसतो. सांध्यात, मणक्यात, खाली. आमच्या खात्यात दोघांना झालता, म्या डोळ्यानं बघितलंय."

मी विचारलं, "गायींचं रक्त तपासलं नाही का कुणी?"

तो उठून दाराशी गेला, बाहेर कुणी नाही ना बघून परत आला.

"तपासलं. चौथी गाभडली तवाच नमुने पाठवले. लागण हाय म्हणून कागद आला. म्या चेअरमनला दाखवला. ते म्हणले, हे बाहेर गेलं तर सोसायटीचं दूध कुणी घेणार न्हाई आणि छावणी बंद पडंल. ढोरं मरतील. तुमच्या साहेबांशी बोलतो म्हणले." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "माझं एकच वर्ष राहिलंय, बाई."

"आणि याला? रोज तुमच्या शेजारी उभा राहत होता हा. याला सांगायला काय झालं होतं?"

मी त्याला घराबाहेर काढलं. ओरडून काढलं. पण रात्रभर मला तो आठवत नव्हता, मीच आठवत होते. पाच महिने मी भावाचं रक्त घेतलं, थुंकी घेतली, मणक्याचा फोटो घेतला, त्याच्या बायकोचं रक्त घेतलं. दिवसभर तू काय काम करतोस, कशाला हात लावतोस, एवढं विचारलं नाही. मला ते माहीत होतं म्हणून विचारलं नाही.

मी त्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं नाडी धरायच्या आधी विचारलं, "काम काय करता?" भावानं सांगितलं. तिनं लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि रक्त पाठवलं. काका म्हणाला तेच निघालं. सुरुवातीला रोज सुई आणि पुढं तीन महिने गोळ्या. या वेळी एकेक गोळी मी माझ्या हातानं दिली. ताप गेला. सूज उतरली. कंबर तेवढी वाकली ती सरळ झाली नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर मी उमापूरला गेले. भावजय दारातच ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला, गाईपासून झालं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं त्यांनी काही केलेलं न्हाई," ती म्हणाली. "मी त्यांच्यामुळं आले नव्हते."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"व्हय." तिनं सूप आपटून खडे बाजूला काढले. "चहा घिऊन जा."

ती परत आली नाही. वर्षभर भाऊ वाट बघत होता, मग बघायचा थांबला.

छावणीचं काय झालं तेही सांगते. मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला अर्ज लिहिला. तो त्यांनी पशुसंवर्धनकडं पाठवला. तिकडून पत्र आलं की विषय दुग्ध सोसायटीच्या अखत्यारीत आहे. मग मी छावणीवरच गेले. चेअरमन खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"तुमी माणसांच्या नर्स, बाई," तो हसत म्हणाला. "ढोरांच्यात कशाला पडताय?"

"माझा भाऊ माणूस आहे," मी म्हणाले.

"आमचाच हाय तो. त्याला वाऱ्यावर सोडतो काय?" मग आवाज हळू करून म्हणाला, "दूध बंद केलं तर इथल्या बायकांनी चूल कशावर पेटवायची, ते तुमी सांगा. म्या ऐकतो."

चहा आला, तो तसाच ठेवून मी उठले. मी एवढंच करू शकले की घरोघर जाऊन सांगितलं, दूध उकळून प्या, गाभडलेल्या जनावराला उघडा हात लावू नका, वार खोल पुरा. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "सिस्टर, भावाची इज्जत झाकायला गाईवर घालतावं व्हय?"

मृगानंतर पाऊस झाला. छावणी उठली. गाभडलेल्या सहाही गायी आपापल्या गावाला गेल्या, त्यातल्या काही पुढं बाजारात विकल्या गेल्या. कुठं गेल्या कुणी विचारलं नाही. त्या वर्षी माझ्याकडं चढ-उतार होणाऱ्या तापाची तीन माणसं आली. तिघांच्या घरी जर्सी गाय होती. तिघांनाही मी अंबाजोगाईला पाठवलं. एकच गेला.

दिवाळीनंतर सोसायटीच्या आवारात दुष्काळात एकही जनावर मरू दिलं नाही म्हणून चेअरमनचा सत्कार झाला. मोठे पुढारी आले, भाषणं झाली. भावाला सोसायटीनं रखवालदार करून घेतलं होतं, बसून करायचं काम म्हणून. त्या दिवशी मात्र त्याला खुर्च्या उचलायला लावल्या. संध्याकाळी तो घरी आला तो एका अंगावर कलून. मी पाणी गरम करून पिशवी त्याच्या कंबरेखाली ठेवली.

"चेअरमननी भाषणात माझं नाव घेतलं," तो छताकडं बघत म्हणाला. "म्हणले, या पोरानं रात्रंदिवस सेवा केली."

मी त्याच्या अंगावर गोधडी ओढली.

"चांगला माणूस हाय तो, आक्का. या कंबरंवर दुसऱ्या कुणी काम दिलं असतं का?"

मी पिशवी सरकवून नीट केली आणि त्याला दुसऱ्या कुशीवर व्हायला सांगितलं.