प्रदक्षिणा नसलेलं देऊळ

माझे वडील पाटे-वरवंटे घडवायचे आणि आई ते डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची. घराघरात मिक्सर आले तशी मागणी आटली, मग दोघं खाणीवर खडी फोडायला लागले. चार महिने खाण बंद असली की चूलही एकच वेळ पेटायची. आमच्यात बारावी झालेली मी पहिली. निकाल लागला आणि लगेच लग्न झालं. नवरा आमच्याच समाजातला, नर्सिंग शिकून इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात लागलेला. सगळे म्हणाले, पोरीचं नशीब उघडलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. लेस्टरला माझ्या वाट्याला बेलग्रेव्ह रोडच्या मागचं एक चिंचोळं घर आलं, आणि खालच्या खोलीत पलंगावर सासूबाई. मी आले त्याच वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, बाई मदतीला यायला तयार होती. "परक्या बाईच्या हातनं अंग धुऊन घेणार न्हाई," असं त्यांनी जाहीर केलं आणि विषय संपला. त्यांना एकटं ठेवायचं नाही, म्हणजे मी बाहेर जायचं नाही. दूध, भाजी, औषधं. तेवढ्यापुरता दरवाजा उघडायचा.

घरी बसून पदवी करता येते हे मला औषधाच्या दुकानातल्या एका कागदावरून कळलं. पुस्तकं पोस्टाने येणार, शिकवणाऱ्या बाई फोनवर बोलणार.

"कर," नवरा म्हणाला. "पण नापास झालीस तर पुन्हा नाव काढायचं नाही. आईकडे बघायचं कोण?"

"अहो, मी कुठे बाहेर चाललेय?"

पहिल्याच वर्षी अभ्यासाला ग्रीक देऊळ आलं. अथेन्सच्या टेकडीवरचं पार्थेनॉन. सासूबाईंनी पलंगावरून चित्र पाहिलं. "ह्यात देव हाय का?"

"आता नाही, आई."

"मग पडक्या भिंतीला नमस्कार करून तुला काय मिळणार?"

मला मात्र हे सोपं वाटलं. देऊळ काय, आम्हाला नवीन? मी एका बैठकीत निबंध लिहिला. आतली खोली म्हणजे गाभारा, तिथे भक्त रांगेने दर्शन घेत. चहूबाजूंचे खांब म्हणजे प्रदक्षिणेचा मार्ग. नकाशा काढला आणि डावीकडून उजवीकडे बाणसुद्धा दाखवले.

बाईंचा फोन आला. "हे बाण कसले?"

"लोक देवळाला फेरी घालतात, ते."

"कुठे वाचलंत?"

"वाचायला कशाला पाहिजे? देऊळ आहे ना."

त्या शांतपणे म्हणाल्या, की ग्रीक देऊळ हे देवाचं घर, इथे एका देवीचं. पूजा, बळी, जेवणावळी सगळं बाहेर, उघड्यावरच्या वेदीपाशी. खांबांभोवती फिरण्याचा विधी असल्याचा काहीच पुरावा नाही. मी नापास होते. एकदाच, एका महिन्यात, पुन्हा लिहून द्यायला मुभा होती. तेही फसलं तर शिक्षण संपलं.

अभ्यासक्रमातली बाकीची मंडळी बस करून लंडनला म्युझियम बघायला गेली, तिथे त्या देवळाची शिल्पं आहेत. मला जाता यावं म्हणून नवऱ्याने रजा मागितली होती, ती ऐनवेळी रद्द झाली. मी त्या दिवशी सासूबाईंची चादर बदलली आणि पुस्तक उघडलं. सोन्याची आणि हस्तिदंताची ती उंच देवी आत उभी. उजेड यायचा तो मुख्यतः दारातूनच. माणसं बाहेर उन्हात हसताहेत, खाताहेत. ते पान मी किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात वडिलांना फोन लावला तेव्हा सहज म्हटलं, "आबा, इथं एक देऊळ शिकतेय. अडीच हजार वर्षांचं. दगडात चुना नाही की काही नाही."

"चुना न्हाई? मग कडा घासल्या असत्याल. मधी खोलगट ठिवायचं आन् कडंला तेवढं घासून बसवायचं. आख्खा दगुड घासत बसलं तर जल्म जाईल, आन् सांधा बी बसायचा न्हाई."

"आबा, तुम्हाला कसं माहीत?"

"आगं येडे, दगुड काय देस बघून वागतो का?"

मी पुस्तकात शोधायला लागले आणि सापडलं. कडेला गुळगुळीत पट्टी, मध्ये ओबडधोबड खोलगट भाग. बाजूचे दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले, पट्ट्यांवर शिसं ओतलेलं. पुढे त्याच इमारतीचं चर्च झालं, मशीद झाली, मग तोफांच्या दारूचं कोठार. स्फोटात मधला भाग उडाला, तरी कितीतरी खांब उभेच राहिले. या वेळी मी भक्तांविषयी लिहिलंच नाही. सांध्यांविषयी लिहिलं, आणि प्रत्येक ओळीला पान नंबर दिला. सासूबाईंच्या घंटीला उठत, बसत, तीन आठवडे.

निकालाच्या कागदावर बाईंनी लिहिलं होतं, "पास. दगड तुम्हाला कळतो."

"झालीस का पास?" सासूबाईंनी विचारलं.

"झाले."

"बरं. आता माझी कूस बदल."

त्या आणखी सहा वर्षं होत्या. बाकीचे सगळे विषय मी त्याच खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी केले. परीक्षांना तेवढी शेजारीण येऊन बसायची. पदवीदानाला मला जाता आलं नाही. प्रमाणपत्र पोस्टाने आलं.

सहा वर्षं लागली. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी आहे.